प्लेट, पू आणि जाऊ

१४ जून २०२४

पुन्हा पू!

सकाळी पट्टी सोडली तर कापसाला पिवळं लागलेलं. वास घेऊन बघितला. तोच! नडगीवरचं ते मुगाएवढं भोक उन्हाळाभर बंद होतं. मला वाटलं, गेली बला. कुठली जातीय!

हे शेतात होते, पेरणीची गडबड. फोन केला तर म्हणाले, "हळद लाव." हळद! नडगीत स्टीलची प्लेट, तिला स्क्रू, आतून पू येतोय — आणि हा माणूस हळद लाव म्हणतो! हिंगोली जिल्ह्यात हळद पिकते म्हणून काय प्रत्येक भोकात भरायची?

हाच माणूस मागच्या दिवाळीत मोटारसायकल चालवत होता. गोरेगावच्या रस्त्याला रोही आडवा आला, घोड्याएवढी नीलगाय. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. रोहीसुद्धा नीट पळून गेला. माझी मात्र नडगी मोडून हाड बाहेर आलं. तेव्हापासून मी खाटेवर आणि माझी कंडक्टरची बॅग खुंटीवर.

इथं ह्यांचं नाव लिहिणार आहे. संतराम. तोंडानं घेत नाही, कागदावर कोण अडवतंय!

१५ जून

डेपोतून फोन. "कंडक्टरबाई, हजर कधी होता?" मी म्हटलं, पायाला विचारून सांगते. आणि ठेवून दिला.

१८ जून, नांदेड

सकाळपासून दवाखान्यात बसून. नंबर आला तेव्हा डॉक्टर जेवायला उठायच्या बेतात. चष्मा कपाळावर, नजर एक्स-रेवर. पेशंट इकडं बसलाय, तिकडं बघून बोलतोय!

म्हणाला, हाड अर्धंच जुळलंय. जंतू प्लेटला चिकटलेत. धातूवर ते शेवाळासारखा थर करून बसतात, मग औषध आत पोचत नाही.

"मग काढून टाका की ती प्लेट," मी म्हटलं.

"काढली तर हाड हलणार. हललं तर जुळणार नाही. प्लेट ठेवायची, आतून सगळं धुऊन काढायचं आणि अँटिबायोटिकनं जंतू दाबून धरायचे. हाड जुळलं की मग प्लेट काढू. प्लेट गेली की त्यांना बसायला जागा राहत नाही."

"आणि दाबले नाही गेले तर?"

तेव्हा कुठं त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "तर पाय वाचवणं अवघड आहे."

संतराम मान हलवत होते. व्हय, व्हय, बराबर. काय बराबर? माझा पाय जाणार हे बराबर? बाहेर आल्यावर चहा घेणार का म्हणून विचारतात! 

पाय गेला तर कंडक्टरकी गेली. आणि मग घरात बसून ह्यांच्या आणि सगळ्या गावाच्या तोंडाकडं बघायचं. ते मी करणार नाही. लिहून ठेवते.

२३ जून, नांदेड

आतून धुतलं. शुद्धीवर आले तेव्हा पाय होता, आधी हात लावून बघितलं.

जंतूचा रिपोर्ट आला. नाव लांबलचक, हे लोक नुसतं स्टॅफ म्हणतात. सगळ्यांच्या कातडीवर असतो म्हणे. सगळ्यांच्या! मग माझ्याच नडगीत काहून शिरला? बिनतिकिटाचा बसलाय मेला. असे कितीतरी उतरवलेत मी गाडीतून, भर पावसात, रस्त्यात. ह्यालाही उतरवते.

२७ जून

सुया. हाताची एक शीर शिल्लक नाही. नर्सबाई म्हणते, "घट्ट मूठ करा." केली की! ती मूठ कुणाला मारावी एवढंच कळेना.

६ जुलै, सेनगाव

घरी आले. निघताना नर्सनं गोळ्या दिल्या. एक लाल कॅप्सूल, सकाळी उपाशीपोटी. एक पांढरी गोळी, सकाळ-संध्याकाळ. कित्येक महिने. डॉक्टर म्हणाला, "दोन्ही जोडीनं काम करतात. एक घेतली, एक राहिली, असं चालणार नाही." नर्स म्हणाली, "पाण्यासोबतच घ्या." सलाईनची सुई काढत होती ती तेव्हा, मी ओरडत होते. संतराम खाली जीपवाल्याशी बोलत होते. पाण्यासोबत घ्या म्हणजे कोरडी गिळू नका. एवढं कळतं मला.

खरी तकलीफ घरी पुढं उभी! उंबऱ्यात द्वारका! माझी थोरली जाऊ. भाऊजी वारल्यापासून शेजारच्या दोन खोल्यांत राहते, मधे फक्त भिंत. चार वर्षं आमचं बोलणं नाही. मला एसटीत नोकरी लागली तेव्हा एका बारशाला, भरल्या बायकांत म्हणाली होती, "धाकटीला घर नको, गाडी पायजे. गडीमानसांत धक्के खायला जाती." मी पाळण्याची दोरी सोडली आणि उठून आले. तेव्हापासून बंद.

आणि संतरामनी तिलाच सांगून ठेवलेलं! मला न विचारता! "मी शेत बघू का तुला बघू? घरात एक मानूस पायजे का न्हाई?" पायजे ना. पण हीच?

तिनं काही न बोलता माझ्या काखेत हात घातला आणि मला सोयाबीनचं पोतं उचलावं तसं उचलून न्हाणीत नेलं. ताकद आहे मेलीत. म्हशी सांभाळून येते ती.

८ जुलै

द्वारका माझ्याशी बोलत नाही. भिंतीशी बोलते. "ज्याला चहा पायजे त्यानं सांगावं." मीही भिंतीला सांगते, "साखर कमी." भिंत दोघींचं ऐकते. संतराम मधे बसून पेपर वाचतात, म्हणजे पेपरात तोंड लपवतात.

९ जुलै

सकाळी लघवीला लाल झालं! लाल म्हणजे एकदम शेंदरी! मी किंचाळले. द्वारका धावत आली, भांड्यात बघितलं आणि कपाळावर हात मारला. भिंतीला विसरून थेट मलाच म्हणाली, "अगं बया, रगत!"

डॉक्टरला फोन लावला. तो हसला! म्हणे कॅप्सूलचा रंग आहे, असं होणारच, डोळ्याचं पाणीसुद्धा रंगतं, घाबरू नका. आधी सांगायला काय जातं ह्याचं? माझा जीव गेला असता भीतीनं, मग हसला असता का?

द्वारकाला पटलं नाही. दारात उभी राहून भिंतीला म्हणाली, "उष्ण गोळ्या हायत. आतून जाळून राहिल्या. गरम गोळी दुधाबिगर घेतात व्हय कुनी?"

१३ जुलै

आज पेला आणला. म्हशीचं दूध, वर साय, कडेला हळदीचा डाग. गोळीच्या वेळेला बरोब्बर पुढं ठेवला. "ज्याला गरज आसंल त्यानं घ्यावं."

मी तिच्या डोळ्यादेखत तांब्या उचलला आणि दोन्ही गोळ्या पाण्यानं गिळल्या. तिच्या म्हशीचं दूध माझ्या नरड्याखाली उतरणार नाही. चार वर्षांचा राग एका पेल्यात विरघळतो असं वाटलं की काय हिला? दुपारी मांजरानं पिऊन टाकलं. उद्या परत आणेल. आणू दे. मांजर धष्टपुष्ट होईल.

२१ जुलै

आणलं. मांजर.

२ ऑगस्ट

भोक कोरडं!! दोन पट्ट्या बदलल्या, दोन्ही पांढऱ्याशुभ्र!

१३ ऑगस्ट, नांदेड

रक्तातली सूज मोजली, खूप उतरलीय. एक्स-रेत हाडाच्या कडांना ढगासारखं काहीतरी दिसतं, डॉक्टरनं बोटानं दाखवलं. नवं हाड धरतंय म्हणे. चष्मा आज नाकावर होता, माणसासारखं बोलला. "गोळ्या नेमानं घेताय, दिसतंय. अशाच घ्या. पुढचे दोन-तीन महिने महत्त्वाचे."

घेतेच की. मला कुणाच्या उपकाराची गरज नाही. तांब्याभर पाणी आणि माझी जिद्द, बास. संतरामना तसं सांगितलं तर म्हणाले, "वैनीनं बी लई केलं." डोक्यात तिडीकच गेली. वैनीनं काय केलं? मांजर पोसलं!

२७ ऑगस्ट

आज पुंजाजी येऊन गेले. माझ्या गाडीचे ड्रायव्हर. डेपोतल्या गप्पा सांगितल्या, खूप हसले मी. जाताना म्हणाले, "नवी पोरगी दिलीय तुमच्या जाग्यावर. पोरगी बरी हाय, पन गर्दीत आवाजच निघत न्हाई. तुमी लौकर या." किती दिवसांनी बरं वाटलं.

नंतर दुसरंच झालं. गल्लीतली पद्माबाई ओट्यावर द्वारकाशी बोलत होती. खिडकी उघडी, मी आत झोपलेय असं दोघींना वाटलेलं. पद्माबाई म्हणते, "आतून सडलाय म्हनं. कापावा लागंल शेवटी. घरात बसंल मग गप."

मला वाटलं, आता द्वारका मान डोलवणार. तिच्या मनासारखंच की!

द्वारका उसळली. "तुझ्या तोंडात किडं पडो पद्मे! काहून कापावा लागंल? ती गाडीवर जाईल, बघ तू. आन तवा तिकीट काढून बसायचं तिच्या गाडीत. फुकट न्हाई घेनार ती, मी सांगून ठेवते तिला." वरून हातातला झाडू आपटला. पद्माबाई गेली.

मी गोधडी तोंडावर घेऊन रडले. रडल्याचाच राग आला. हिनं माझी बाजू घ्यायचं काय कारण? मी सांगितलं होतं का? आता रागवायचं तरी कसं हिच्यावर?

संध्याकाळी ती पेला घेऊन आली आणि भिंतीकडं तोंड केलं. "ज्याला—"

"आणा इकडं," मी म्हटलं.

चार वर्षांत तिला सरळ बोललेला पहिला शब्द.  तिनं पेला हातात दिला. संध्याकाळची पांढरी गोळी दुधानं घेतली. गोड होतं, चांगलं होतं, खोटं कशाला लिहू.

११ सप्टेंबर

आज द्वारकाच्या खोलीत महालक्ष्म्या जेवल्या. मला खुर्चीसकट उचलून नेलं आणि सोळा भाज्या चिरायला बसवलं. "बसल्या हातानं काम कर, कंडक्टरीन." कंडक्टरीन म्हणाली! आधी राग आला, मग नाही आला.

तिनं मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली आणलीय. "हाडाचं दुखनं, मंग हाडाला ताकत नको व्हय? त्या डाक्टरला येवढं बी सुचलं न्हाई." खरंच नाही सुचलं त्याला! आता सकाळी लाल, पांढरी, कॅल्शियम, सगळं एका तळहातावर घेते, वर पेलाभर दूध, एका दमात. सायंकाळी पांढरी, पुन्हा दूध. म्हैस सध्या माझ्यासाठीच दूध देते असं द्वारका सांगते. मांजर माझ्याकडं रागानं बघतं.

२४ सप्टेंबर

अंग धरलं म्हणतात सगळे. गाल वर आलेत. द्वारका दुपारी माझ्याच खाटेच्या बाजूला घोरते, असलं घोरते की भिंतीचं प्लास्टर पडावं. उठवलं तर म्हणते, मी कुठं झोपले. बोलणं चालू झालं म्हणजे भांडणंही चालू झाली. पण बरं आहे.

८ ऑक्टोबर

नडगी गरम लागतेय. जुन्या भोकाशेजारी लाल चट्टा. दाबलं की कळ थेट डोक्यात जाते.

द्वारका म्हणाली, उष्णता. आजपासून दर वेळेला दोन पेले.

११ ऑक्टोबर

ताप. थंडी वाजून. चट्ट्याला तोंड पडलं. पू. शिव्यासुद्धा सुचत नाहीत.

१४ ऑक्टोबर, नांदेड

डॉक्टरनं जखम बघितली आणि त्याचं तोंड उतरलं. "गोळ्या सुटल्या का?"

"एकपण नाही!" मी ओरडले. खरंच एकपण नाही. सगळी रिकामी पाकिटं दाखवली, द्वारकानं पिशवीत नीट ठेवलेली. ती सोबतच आली होती. म्हणे मी बी बघते तुझ्या डाक्टरला.

मग त्यानं विचारलं, कशासोबत घेता?

द्वारकाच पुढं झाली. छाती काढून! "दुधासंगं, डाक्टरसाहेब. रोज. घरच्या म्हशीच्या. आन कॅल्शियम बी चालू केलंय मी."

 डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, पांढऱ्या गोळीला दूध आणि कॅल्शियम धरून ठेवतं, पोटातच. रक्तात पुरती जातच नाही ती. कॅल्शियमनं तर जास्तच. लाल कॅप्सूलही उपाशीपोटी सांगितली होती. पाण्यासोबतच घ्या म्हणून नर्सनं निघतानाच सांगितलं होतं, म्हणाला. "एवढ्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. हा आजारच वाईट आहे, सगळं बरोबर करूनही कधीकधी उलटतो. पण यानं मदत केली नाही, हे नक्की." मग पुढं सांगितलं. पांढरी कमी पडली की लाल एकटी पडते. एकट्या लालला जंतू लवकर जुमानेनासे होतात. पुन्हा पू तपासायला पाठवलाय.

द्वारकाचं तोंड उघडं ते उघडंच. जीपमधे सेनगावपर्यंत ती रिकाम्या पाकिटांची पिशवी मांडीवर धरून बसली.

१५ ऑक्टोबर

आज फुटले मी.

ती पाण्याची बादली घेऊन आली आणि मी सुरू झाले. काय काय बोलले! "मुद्दाम केलंस! मी गाडीवर जाते ते तुला पहिल्यापासून खुपतंय! घरात बसवायची होतीस ना मला? बसव आता! लंगडी बसव!" गल्लीत ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

द्वारका बादली धरून उभी. मग एवढंच म्हणाली, "पान्यासंगं घ्या म्हनून तुला सांगितलं व्हतं नर्सनं. मंग तू मला काहून न्हाई सांगितलं?"

मी तांब्या फेकला. लागला नाही. ती बादली ठेवून गेली.

काहून नाही सांगितलं! मला काय माहीत दूध म्हणजे विष! तिनं आणलं, मी प्याले. आणलं कुणी? मी तर पाण्यानंच घेत होते, चांगली! हिनं ओट्यावर माझी बाजू घेतली नसती तर अजून पाण्यानंच घेत असते!

आणि हेच डोक्यात फिरतंय सकाळपासून. आमचं भांडण चालू होतं तोवर पाय बरा होत होता. गोड बोलायला लागलो आणि पू आला. हे कुणाला सांगावं? हसतील.

१७ ऑक्टोबर

द्वारका आली नाही. संतरामनी चहा केला. पाणी, पाणी आणि पाणी.

३१ ऑक्टोबर, नांदेड

बाहेर फटाके, आत सलाईन. रिपोर्ट आला होता, लाल कॅप्सूल ह्या जंतूवर आता चालत नाही. शिकला मेला. प्लेट ढिली झाली होती, काढली. हाड जुळलेलं नाही. आता नडगीच्या आरपार सळया घालून बाहेरून दांडा लावलाय.

डॉक्टर म्हणाला, "दुसरं इंजेक्शन आहे. जरा कडक आहे, मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागेल." लक्ष कुणी ठेवायचं? माझ्या घरात दुधावर लक्ष राहिलं नाही.

१८ नोव्हेंबर, सेनगाव

प्रेमदास कंपाउंडर घरी येऊन इंजेक्शन सलाईनमधून लावतो. हात हलका आहे, तोंड चालू आहे. त्याला गप बस म्हटलं की तो हिंदीत बोलायला लागतो.

द्वारका परत आली. न बोलता. मीही बोलले नाही. भिंतसुद्धा नको झालीय दोघींना. अंग पुसते, भांडं उचलते, सळयांभोवती कापूस फिरवते. डॉक्टरनं दाखवलं तसंच, इकडचा कापूस तिकडं लागू देत नाही. पण प्रेमदास आला की त्याच्या मागं लागते. "भाकरीनं काय व्हतं का ह्या औशधाला? मिठानं? कारल्याची भाजी चालती का? चहात दूध जातं, थेंबभर, चालतं का?" प्रेमदास कंटाळून म्हणाला, "मौसी, इंजेक्शन है, सीधा नस में जाता है, पेट में जाता ही नहीं." तरी दुसऱ्या दिवशी परत तेच. मला कोरा चहा देते. मला कोरा चहा आवडत नाही! पण बोलायचं नाही ना, म्हणून पिते.

२ डिसेंबर

तिचे डोळे सुजलेले असतात सकाळी. मला दिसत नाही असं तिला वाटतं. मुद्दाम केलंस म्हटलं होतं मी. तिनं मुद्दाम नाही केलं, मला माहीत आहे. माहीत असूनही राग जात नाही. पुवावर राग काढता येत नाही ना, तो ऐकत नाही. ती ऐकते.

९ जानेवारी २०२५

पाय सुजले, तोंड सुजलं. लघवी कमी. रक्त तपासलं, मूत्रपिंडं कुरकुरतायत. इंजेक्शन बंद करा, डॉक्टर म्हणाला फोनवर. पुढं काय विचारलं तर म्हणे आधी हे सावरू. पू चालूच आहे.

२८ जानेवारी

वास. खोलीत येणारं प्रत्येक माणूस पहिल्यांदा नाक आवळतं, मग हसतं. पुंजाजी आले होते, त्यांनीही आवळलं. हसू नका माझ्यासमोर! नाक धरा, पण हसू नका.

११ फेब्रुवारी, नांदेड

डॉक्टरनं खुर्ची ओढून समोर घेतली. सगळं नीट सांगितलं. ह्या माणसाला मी लई शिव्या दिल्यात ह्या वहीत, आज देत नाही.

दोन रस्ते. एक — मोठ्या शहरात जायचं, सडलेलं हाड कापून टाकायचं, पायाभोवती रिंग बसवायची आणि उरलेलं हाड रोज केसाकेसानं ओढत वाढवायचं. वर्ष, दीड वर्ष. पुन्हा कडक औषधं. मूत्रपिंडं किती साथ देतील सांगता येत नाही. आणि एवढं करून जुळेलच असंही नाही.

दुसरा — गुडघ्याखाली काढायचा. गुडघा राहतो. जखम भरली की नवा पाय बसवतात. जंतूचं घरच जातं.

संतराम लगेच म्हणाले, "रिंग लावा. पाय न्हाई काढायचा." कुणी विचारलं त्यांना?

१२ फेब्रुवारी

मी खाटेवर बसून दुपारभर त्या पायाकडं बघितलं. काळा पडलाय, चार सळया, दोन भोकं, बोटं हलतात अजून. माझाच आहे. जून महिन्यापासून ह्याच्यासाठी भांडतेय, डॉक्टरशी, ह्यांच्याशी, तिच्याशी. हा मात्र माझ्याकडून एकदाही भांडला नाही. नुसता पू.

कंडक्टरकी तर दोन्ही रस्त्यांनी जातेय. मग खाटेवर दीड वर्ष कशासाठी? लोकांनी म्हणावं म्हणून, बाईचे दोन्ही पाय आहेत? मला चालायचंय. न्हाणीपर्यंत स्वतः. बसस्टँडपर्यंत स्वतः. चौकशीच्या खिडकीत बसवतील तर बसेन आणि असा आवाज लावेन की गोरेगावच्या जीपवाल्यांनासुद्धा ऐकू जाईल.

१४ फेब्रुवारी

सांगितलं. मी म्हणाले, पाय काढा.

घरात नुसती आग. संतराम दोन्ही हात डोक्याला लावून, "लोकं काय म्हनतील, बायकूचा पाय कापला." बायकूचा! लातूरहून आमचा स्वप्निल फोनवर रडतोय, आई थांब, आई अजून एक डॉक्टर दाखवू. किती डॉक्टर दाखवू, लेकरा? पद्माबाईसुद्धा येऊन गेली, अंगारा लावून बघा म्हणाली.

द्वारका दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, भीतीनं. आता म्हणतील ना सगळे, हिच्या दुधानं पाय गेला. तिला हे टाळायचंच असणार.

१९ फेब्रुवारी, नांदेड

दवाखान्यात भरती. रक्त, फोटो, उपाशी. संतराम जिन्यात बसलेत.

२० फेब्रुवारी, नांदेड

उद्या सकाळी. माझी सही मी केली. दुसरी सही घरच्या माणसाची पाहिजे म्हणाले. संतराम म्हणाले, माझ्या हातानं हे व्हनार न्हाई, आणि खाली निघून गेले. स्वप्निलचा फोन लागत नाही.

द्वारकानं पदराला हात पुसला आणि पेन मागितलं. नर्स म्हणाली, "मावशी, विचार करा. उद्या पेशंट तुम्हालाच बोल लावेल, जन्मभर."

"लावू दे," द्वारका म्हणाली. "तिला भांडायला घरात एक मानूस लागतंच." आणि सही केली.